किनाऱ्याचे दप्तर

दर वर्षी फेब्रुवारी सरत आला, की कोकणातल्या किनाऱ्यांवरून समुद्राकडे निघालेल्या कासवांच्या पिल्लांची छायाचित्रे आपल्या फोनवर येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक ठरलेला वादही येतो. एक बाजू म्हणते, की गावोगावच्या स्वयंसेवकांनी रात्रीचा दिवस करून यंदा इतकी हजार पिल्ले समुद्रात सोडली, म्हणजे कासव वाचले. दुसरी बाजू म्हणते, की कासवे कोट्यवधी वर्षे माणसाच्या मदतीवाचून अंडी घालत आली आहेत, तेव्हा घरटी उकरून ती कुंपणात नेणे ही निसर्गातली ढवळाढवळ आहे आणि पिल्लांभोवती जमणारी गर्दी ही निव्वळ हौस आहे. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, परंतु दोघींच्या हातातला तराजू एकच आहे आणि माझ्या मते तो तराजूच खोटा आहे. दोघीही पिल्लेच मोजतात. पहिली आकडा फुगला म्हणून समाधानी आहे, दुसरी आकडा फुगूनही उपयोग काय, असे विचारते.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. घरट्यांची राखण करणारी माणसे किनाऱ्यावर असायलाच हवीत. आज आहेत त्याहून अधिक असायला हवीत, त्यांना वर्षभराचा मोबदला मिळायला हवा आणि किनाऱ्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन असायला हवे. हे सगळे मी पिल्लांच्या आकड्यावरून म्हणत नाही. ही माणसे रोज पहाटे जी नोंदवही भरतात, तिच्यामुळे म्हणतो. ही वही म्हणजे आपल्या किनाऱ्याचे एकमेव रोजचे दप्तर आहे. ते दप्तर कोणी वाचत नाही आणि वादात त्याचा उल्लेखही होत नाही, म्हणून हा वाद वर्षानुवर्षे जागच्या जागी फिरत राहिला आहे.

दप्तर हा शब्द मी सहज वापरलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. फडणीस म्हणजे दरबाराच्या जमाखर्चाचे दप्तर सांभाळणारा; नानांनी रणांगणावर तलवार गाजवली नाही, तरी पेशवाईची सूत्रे त्यांच्या हाती इतकी वर्षे राहिली, यात कोणत्या गोष्टीची नोंद कुठे आहे हे ठाऊक असण्याचा वाटा लहान नव्हता. याच वेळासच्या पुळणीवर २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण सुरू केली. संस्थेचे कार्यकर्ते समुद्र गरुडांची पाहणी करत होते आणि वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. इथे कासव अंडी घालते, हे गावकऱ्यांना, अंडी काढून नेणाऱ्यांना आणि कोल्ह्याकुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. कागदावर मात्र त्याची नोंद तुरळक होती. आज वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांच्या साहाय्याने हे काम रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा गावांत ‘कासवमित्र’ म्हणून ओळखली जाणारी स्थानिक माणसे नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने किनारा पायाखाली घालतात.

हे काम नेमके काय असते, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मादी बहुधा रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खोल खळगा खणते, त्यात शंभरच्या आगेमागे अंडी घालते, वाळू लोटून अंग आपटत ती दाबते आणि परत जाते. मागे उरतो तो वाळूवर उमटलेला दुहेरी माग, एक येतानाचा आणि एक जातानाचा. वारा किंवा पुढची भरती तो पुसून टाकण्यापूर्वी गस्तवाल्याने तिथे पोहोचायचे असते. मग मागाच्या वळणावरून आणि वाळूच्या मऊपणावरून खळगा ओळखायचा, अंडी जागेवर ठेवायची की हलवायची हे ठरवायचे, आणि हलवायची असतील तर पहिल्या काही तासांतच हलवायची. कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडे नुसते उलटे झाले तरी तो मरतो. त्यानंतर ४५ ते ६० दिवसांची वाट. आणि या सगळ्याबरोबर वहीत एक ओळ: तारीख, वेळ, जागा, भरतीरेषेपासूनचे अंतर, अंड्यांची संख्या, पुढे उबलेली किती आणि वाया गेलेली किती.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो टाळून केलेले समर्थन पोकळ ठरेल. समुद्रात गेलेल्या हजार पिल्लांपैकी एखादेच मोठे होते, असा ढोबळ अंदाज नेहमी सांगितला जातो. तो धरून हिशेब केला तर साधारण दहा घरटी यशस्वी झाली तर एक प्रौढ कासव मिळते. म्हणजे एका ट्रॉलरने समुद्रात ओढत नेलेल्या जाळ्यात एक मादी गुदमरून मेली, तर दहा घरट्यांची दीड-दीड महिन्याची राखण एका ओढीत संपली. आणि त्या मादीने पुढच्या अनेक वर्षांत घातली असती ती अंडी वेगळीच. १९८७ मध्ये क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल या अमेरिकी संशोधकांनी लॉगरहेड या जातीच्या समुद्री कासवांच्या आयुष्याच्या टप्प्यांचे गणित मांडून नेमके हेच दाखवले होते, की किनाऱ्यावरचे प्रत्येक अंडे वाचवले तरी घटती संख्या सावरत नाही; ती सावरायची तर समुद्रातली मोठी आणि मोठी होऊ घातलेली कासवे मरणे थांबले पाहिजे. कासवाला जाळ्यातून बाहेर पडता यावे यासाठी बसवायच्या चौकटीची सक्ती अमेरिकेत वाढत गेली, तिच्यामागे या गणिताचे मोठे पाठबळ होते. तेव्हा ‘पिल्ले सोडली, कासव वाचले’ हे वाक्य खोटे आहे, असे टीकाकार म्हणतात ते मला मान्य आहे. ते वाक्य फलकांवरून पुसून टाकावे, याही मताचा मी आहे.

पण त्या गणितातले आकडे आले कुठून? एवढा साधा प्रश्न टीकाकारांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. कासवाच्या मादीच्या जगण्यामरण्याचे आणि पुन्हा पुन्हा किनाऱ्याला येण्याचे प्रमाण प्रयोगशाळेत कळत नाही. जॉर्जिया राज्यातल्या लिटल कंबरलंड नावाच्या लहानशा बेटावर १९६४ पासून उन्हाळ्याच्या रात्री लोक गस्त घालत होते, माद्यांना खुणेच्या पट्ट्या लावत होते, घरटी राखत होते आणि वह्या भरत होते. त्या वह्यांतून पुढे लॉगरहेडचा जीवनक्रम आकड्यांत मांडता आला आणि त्या मांडणीवर १९८७ चे गणित उभे राहिले. म्हणजे किनाऱ्यावरची राखण पुरेशी नाही, हे आपल्याला कळले तेच मुळी किनाऱ्यावर राखण करणाऱ्यांमुळे. राखणदाराच्याच वहीतला आकडा काढून त्यालाच ‘तुझे काम निरर्थक आहे’ असे ऐकवणे, याला युक्तिवाद म्हणावे की कृतघ्नता?

आपल्याकडचे उदाहरण अगदी ताजे आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या सुरुवातीला गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची ऑलिव्ह रिडले कासवे आपापल्या बाजूला राहणारी, असे आजवर साधारणपणे धरले जाई. या एका पट्टीने त्या समजाला तडा दिला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहूनच उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. उपग्रहाचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच आहे. परंतु ओडिशाची ती पट्टी कोणत्याही उपग्रहाने वाचलेली नाही. त्या रात्री गुहागरच्या वाळूवर कोणी माणूस नसता, तर ती मादी आली तशी गेली असती आणि आपण जुन्याच समजुतीत राहिलो असतो.

ओडिशाचे नाव निघाले की आणखी एक आक्षेप येतो. गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर लाखो माद्या एकाच वेळी येतात. त्यापुढे कोकणातली विखुरलेली घरटी ती काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. सामूहिक विणीत अंडी इतकी असतात, की कुत्रे, कोल्हे आणि पक्षी पोटभर खाऊनही बरीच उरतात. किंबहुना मागून आलेल्या माद्याच आधीची घरटी उकरून टाकतात. कोकणात घरटे एकटे असते. एका कोल्ह्याला एक रात्र पुरते. विखुरलेल्या विणीला गर्दीचे संरक्षण नसते, म्हणून तिला राखणीची गरज अधिक असते.

टीकेचा दुसरा भाग पद्धतीबद्दल आहे आणि तिथे मी टीकाकारांच्या बाजूने बराच पुढे जायला तयार आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास पारडे समतोल असते, वाळू त्याहून गरम असेल तर माद्या अधिक आणि थंड असेल तर नर अधिक निपजतात. हे ज्ञान पसरण्यापूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशात हिरव्या कासवांची अंडी मोठ्या कळकळीने थर्माकोलच्या पेट्यांत उबवली जात. निकोलस म्रोसोव्हस्की या संशोधकाने १९८२ मध्ये दाखवून दिले, की पेट्यांतले तापमान वाळूपेक्षा किंचित कमी राहत असल्यामुळे त्यांतून निपजणाऱ्या पिल्लांत नरांचे प्रमाण फाजील वाढत होते. पिल्लांची गणती उत्तम होती. पुढची पिढी मात्र बिघडत होती. आपल्याकडच्या कुंपणातल्या हॅचरींना हा धोका वेगळ्या रूपात आहे. उघड्यावरची तापलेली वाळू, वर्षानुवर्षे तीच जागा, एकमेकांला खेटून पुरलेली घरटी. आणि त्याहून मला खटकते ती पिल्लांना थांबवून ठेवण्याची सवय. वाळू थंडावली की पिल्ले बहुधा रात्री वर येतात आणि पहिल्या काही तासांत त्यांच्या अंगात पोहण्याची जी धडपड असते, तिच्या बळावर ती किनाऱ्याजवळच्या भक्षकांतून निसटतात. ती धडपड टोपलीखाली वाया घालवायची आणि पाहुण्यांच्या सोयीने सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहाला पिल्ले सोडायची, हे कोणत्या शास्त्रात बसते? पहाटे आपोआप वर आलेली पिल्ले लगेच सोडली आणि ती पाहायला जे हजर असतील त्यांनी पाहिली, तर माझी हरकत नाही. पण पाहुणे यायचे आहेत म्हणून पिल्लांनी थांबावे, हे मला कोणीही पटवून देऊ शकलेले नाही.

तर मग घरट्यांना हातच लावू नये, हा निष्कर्ष योग्य ठरतो का? ‘निसर्गाला त्याचे काम करू द्या’ हे वाक्य ऐकायला फार भारदस्त आहे. पण कोणता निसर्ग? किनाऱ्यावर हिंडणारी कुत्र्यांची टोळी आपल्या उकिरड्यांवर पोसलेली आहे. पिल्लांना समुद्राऐवजी रस्त्याकडे ओढणारा उजेड हॉटेलांचा आहे. वाळूचा उतार बदलणारा धूपप्रतिबंधक बंधारा सार्वजनिक पैशातून आला आहे, आणि पुळणीवरचे सुरूचे बन आपण लावले आहे. हे सगळे आपण करायचे आणि राखणीची वेळ आली, की निसर्गाच्या नावाने हात झटकायचे, हा न्याय मोठा सोयीचा आहे. ढवळाढवळ झालेलीच आहे. प्रश्न एवढाच, की ती निस्तरण्यासाठी कोणी जबाबदार माणूस तिथे उभा असावा की नसावा. शहाणी पद्धत अशी, की घरटे शक्य तिथे जागेवरच जाळीने झाकावे आणि उधाणाच्या पाण्यात बुडणार असेल किंवा कुत्र्यांपासून वाचणारच नसेल तेव्हाच हलवावे. पण यात एक मेख आहे. पन्नास घरटी एका कुंपणात आणली तर एक माणूस ती राखू शकतो. पन्नास घरटी चार किलोमीटर पुळणीवर जिथल्या तिथे ठेवली तर चार-पाच माणसे लागतात. म्हणजे चांगल्या पद्धतीचा आग्रह धरणाऱ्याने माणसे वाढवण्याचाही आग्रह धरला पाहिजे. राखण कमी करा आणि शास्त्रही पाळा, या दोन मागण्या एका तोंडाने करता येत नाहीत.

पर्यटनाविषयी दोन्हीकडून फार बोलले जाते, मी थोडक्यात आटोपतो. वेळासच्या कासव महोत्सवाने गावातल्या घरांना पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून उत्पन्न मिळवून दिले आणि ज्या कासवाची अंडी काढली जात त्याच कासवाबद्दल गावाला आस्था निर्माण झाली, हे खरे आहे. गोव्यात मोरजी येथे कासवांसाठी किनारा राखीव झाला आणि त्याच किनाऱ्याभोवती शॅक, दिवे आणि गोंगाट वाढत गेला, हेही खरे आहे. पर्यटन हे साधन आहे; ते गावाच्या हातात असले तर एक परिणाम होतो, बाहेरच्या भांडवलाच्या हातात गेले तर दुसरा.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ‘स्वयंसेवक’ या शब्दातला घोळ. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थ्यांची एक संघटना हिवाळ्याच्या रात्री नीलांगराई ते बेझंटनगर हा किनारा चालत आली आहे. दिवसा कॉलेज, रात्री गस्त. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले ते काम थोर आहे आणि शहरी स्वयंसेवेची ती उत्तम परंपरा आहे. पण तोच शब्द कोकणातल्या कासवमित्राला लावला, की त्याचा अर्थ बदलतो. त्याची होडी किंवा बाग त्याला सकाळी हवी असते, रात्रभर चालल्यावर दुपारची मजुरी बुडते, आणि हंगाम संपला की तुटपुंजे मानधनही संपते. एका गावी पहाटेच्या गस्तीत अशाच एका गृहस्थांबरोबर चाललो होतो. साठीच्या पुढचे, तरुणपणी आपणही काठीने वाळू टोचून अंडी शोधत असू, हे त्यांनी काही न लपवता सांगितले. मी भाबडेपणाने विचारले, “काका, ही सेवा किती वर्षे करताय?” ते म्हणाले, “सेवा देवळात करतात. ही राखण आहे.” मला तो फरक त्यांच्याइतका नेमका मांडता आला नसता. दक्षिण कोकणात आणि गोव्यात राखणदार हा गावाची शीव सांभाळणारा अदृश्य रक्षक मानला जातो. त्याला दर वर्षी मान द्यावा लागतो, नारळ द्यावा लागतो, गाऱ्हाणे घालावे लागते. फुकट राखण त्या राखणदाराकडूनही कोणी मागत नाही. मग हाडामांसाच्या राखणदाराकडून ती का मागावी?

याच्याशी जोडलेला एक आक्षेप किनाऱ्यावर उघड बोलला जातो, शहरातल्या वादात तो कानावर येत नाही: कासवाला किंमत आहे, कोळ्याला नाही. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्याच्यामागे अनुभव आहे. ओडिशात कासवांसाठी दर वर्षी सात महिने मासेमारीवर निर्बंध येतात आणि त्यांची झळ लहान होडीवाल्यांना बसते. कासवाला वाट देणारी चौकट आपल्या ट्रॉलरवर नाही, या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना साजेशी चौकट तयार करूनही ती बोटींवर पोहोचली नाही, आणि भाव पडला त्याचा फटका बोटमालकापासून खलाशापर्यंत सर्वांना बसला. पण कासव आणि कोळी यांना एकमेकांसमोर उभे करणारी ही मांडणी तपासून पाहा. कासव गुदमरवणारी ट्रॉलची ओढ आणि लहान मच्छीमाराच्या जाळ्यातला मासा पळवणारी ट्रॉलची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? कोकणातला पारंपरिक मच्छीमार पर्ससीन, म्हणजे माशांचे थवेच्या थवे वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध इतकी वर्षे जे ओरडून सांगतो आहे, तेच मेलेले कासव पुळणीवर येऊन सांगते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये, जाळे कापून कासव किंवा अन्य संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरची ही सर्वांत शहाणी योजना आहे, कारण तिने दंडाऐवजी नुकसान वाटून घेण्याचा मार्ग धरला. मात्र किती मेलेली कासवे कुठल्या किनाऱ्याला, कोणत्या महिन्यात, कोणत्या बोटी जवळ असताना लागली, हे सांगणारी सलग नोंद असल्याखेरीज समुद्रातल्या मोठ्या बोटींना जाब विचारता येत नाही. ती नोंद ठेवणारा माणूस पुन्हा तोच आहे, पहाटे पुळणीवर चालणारा.

केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या कोलाविपालम येथे १९९२ मध्ये कोळ्यांच्या तरुण मुलांनी एकत्र येऊन घरट्यांची राखण सुरू केली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. आपल्याच वाडीत खाल्ली जाणारी अंडी धोक्यात आलेल्या कासवाची आहेत, हे वर्तमानपत्रातल्या एका लेखातून कळल्यावर. त्यांनी निष्ठेने राखण केली, पिल्ले सोडली, नाव मिळवले. पण शेजारच्या नदीमुखातला वाळूउपसा आणि किनाऱ्याची धूप त्यांच्या हातात नव्हती. पुळण आक्रसत गेली आणि घरटी बोटांवर मोजण्याइतकी उरली. पिल्लांच्या तराजूत तोलले तर हे काम फसले म्हणावे लागेल, आणि टीकाकार तसे म्हणतातही. मी त्याचा अर्थ उलटा लावतो. राखणदाराला घरटे दिले आणि किनारा दिला नाही, तर काय होते, हे कोलाविपालमने दाखवले.

किनारा देणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी केरळात जाण्याची गरज नाही. गडचिरोलीतले मेंढा-लेखा पुरेसे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावाने जंगलाची राखण हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून केली, अभ्यासगट बसवले, आपल्या जंगलात काय आहे ते स्वतः नोंदले. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क पदरी पडला, तेव्हा गावाकडे दाखवायला राखलेले जंगलही होते आणि अभ्यासही होता. किनाऱ्यासाठी वनहक्कासारखा कायदा नाही. पण एक दुवा आहे आणि तो आपल्या वादात कोणी उच्चारत नाही. किनाऱ्यावरच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत कासवांच्या विणीच्या जागा पहिल्या वर्गाच्या ‘अ’ उपवर्गात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या क्षेत्रात, धरल्या आहेत. आता विचार करा. एखाद्या पुळणीला ते संरक्षण मिळावे की नाही, हे नकाशा काढणाऱ्याला कसे कळणार? त्याच्या समोर नोंद असेल तर ती जागा विणीची. नोंद नसेल तर ती मोकळी वाळू. मोकळ्या वाळूवर जेटी येते, रिसॉर्ट येते, बंधारा येतो, आणि कोणाचेही काही नुकसान झाल्याचे दिसत नाही, कारण तिथे काय होते हे कोणी लिहिलेच नव्हते. कासवमित्राच्या वहीतली ‘भरतीरेषेपासून अमुक पावले’ ही ओळ म्हणजे या अर्थाने जमिनीच्या सातबाऱ्याइतकी महत्त्वाची गोष्ट आहे. अडचण एवढीच, की सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि ही वही हंगाम संपला की कोणाच्या तरी माळ्यावर जाते किंवा एखाद्या अहवालातला एक बेरजेचा आकडा होऊन संपते.

म्हणून माझी मागणी महोत्सव बंद करण्याची नाही आणि तो दुप्पट करण्याचीही नाही. प्रत्येक विणीच्या गावात ही वही ग्रामसभेसमोर दर वर्षी वाचली जावी, तिची प्रत ग्रामपंचायतीत राहावी, आणि त्या पुळणीवर कोणतेही बांधकाम किंवा उपसा मंजूर करण्यापूर्वी ती प्रत समोर ठेवणे बंधनकारक व्हावे. वही भरणाऱ्याला बारा महिन्यांचा मोबदला मिळावा, कारण पावसाळ्यात घरटी नसली तरी धूप असते, मेलेली कासवे असतात, वाहून आलेली जाळी असतात. त्याने किती पिल्ले सोडली, यावर त्याचे मानधन वा सत्कार अवलंबून नसावा. तसे झाले की जागेवर ठेवण्याजोगे घरटेही उकरून कुंपणात आणण्याचा मोह होतो, आणि तो मोह माणसाचा नसतो, मोजमापाचा असतो.

त्या गृहस्थांची वही मी त्या सकाळी चाळली होती. शाळकरी, दुरेघी, कोपरे ओले होऊन फुगलेले. अधूनमधून घरट्यांच्या नोंदी होत्या, त्यांची अक्षरे जरा मोठी. बाकी पानेच्या पाने एकच ओळ होती: ‘गस्त घातली. घरटे नाही.’ एवढी शून्ये कशाला लिहिता, असे मी विचारणार होतो, आणि लक्षात आले की पिल्लांच्या कोणत्याही आकड्यात या ओळीला जागा नाही. महोत्सवाच्या फलकावर ती कोणी छापणार नाही. परंतु पुढे दहा वर्षांनी या पुळणीवर कासव कधी येईनासे झाले आणि त्या सुमारास तिथे काय उभे राहिले, हे कोणाला शोधायचे असेल, तर तो याच ओळी मोजत बसेल.